सिरका, काचपट्टी आणि बार्शीची प्रयोगशाळा

माझी मोठी खाला मंगरूळपीरला राहायची. 2001 च्या रमजानमध्ये तिचं अंगावरून जाणं सुरू झालं. पाळी बंद होऊन सहा-सात वर्षं झालेली. घरात सगळ्यात आधी प्रश्न आला तो रोज्याचा आणि नमाजचा. हे हैज धरायचं की इस्तिहाजा? खालाने मुलाला एका आलिमसाहेबांकडे पाठवलं. उत्तर आलं की हा इस्तिहाजा आहे, रोजा ठेवावा, दर नमाजच्या वेळी नवा वुजू करावा. उत्तर शरियतच्या दृष्टीने अगदी बरोबर होतं. खालाने त्यानुसार सगळे रोजे केले, तरावीहसुद्धा पढली. डॉक्टरकडे मात्र ती पुढच्या पावसाळ्यात गेली, तेही कंबर धरून बसावं लागलं म्हणून. मग अकोला, मग नागपूर. रोग तिसऱ्या टप्प्यात पोहोचला होता. 2003 ची बकरीद तिने पाहिली नाही.

मला त्या आलिमसाहेबांचा राग येत नाही. त्यांना जे विचारलं त्याचं त्यांनी उत्तर दिलं. आपल्या बायका रक्तस्रावाचा हिशेब जितका काटेकोर ठेवतात तितका फार कमी समाजांत ठेवला जात असेल. किती दिवस, कोणता रंग, कधी थांबलं, कधी परत सुरू झालं, हे सगळं ‘बहिश्ती जेवर’ वाचणाऱ्या घरात मुलीला चौदाव्या वर्षी कळतं. हदीसमध्येही फातिमा बिन्त अबी हुबैश यांनी पैगंबरांना न थांबणाऱ्या रक्ताबद्दल थेट विचारल्याचा प्रसंग आहे, आणि ते पाळीचं नसून एका शिरेचं रक्त आहे असा त्यांना मिळालेल्या उत्तराचा आशय आहे. म्हणजे ‘हे नेहमीचं नाही’ एवढं ओळखायची रीत आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे. ती शीर नेमकी कशाने वाहतेय, हा पुढचा प्रश्न खालाच्या घरात कोणी विचारला नाही. मीसुद्धा नाही. मी तेव्हा डी.एड.ला होते आणि स्वतःला शिकलेली समजत होते.

खालाच्या मैयतीला आलेल्या एका बाईचं वाक्य माझ्या कानात राहिलं. “पिशवी का कॅन्सर? अपने में तो नहीं होता ये.”

हे वाक्य कुठून आलं याचा शोध मी बरीच वर्षं जमेल तसा घेतला. ते अगदीच हवेतून आलेलं नाही. 1842 मध्ये इटलीतल्या वेरोना शहरात रिगोनी-स्टर्न नावाच्या डॉक्टरने मृत्यूच्या नोंदी चाळल्या आणि पाहिलं की गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत जास्त आहे, मठातल्या जोगिणींत अगदी कमी. 1906 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हाइनबर्गने ज्यू स्त्रियांत हा रोग कमी दिसतो असं मांडलं. 1936 मध्ये हँडलीने फिजी बेटांवरची तुलना केली. तिथे सुंता करणाऱ्या फिजीवासीयांच्या बायकांत रोग कमी आणि भारतातून मजुरीसाठी गेलेल्या, सुंता न करणाऱ्या कुटुंबांतल्या बायकांत जास्त. मग आपल्या मुंबईत 1963 मध्ये देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धर्मवार आकडे काढले, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं प्रमाण हिंदू स्त्रियांपेक्षा मुस्लिम स्त्रियांत कमी आणि पारशी स्त्रियांत त्याहून कमी दिसलं.

खतन्याचा यात काही वाटा आहे. 2002 मध्ये निरनिराळ्या देशांतल्या जोडप्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सुंता झालेल्या पुरुषांत या रोगाचा विषाणू कमी आढळला. पण ‘कमी’ आणि ‘नाही’ या दोन शब्दांमधल्या फटीत माझी खाला गेली. आपल्या माणसांनी ‘कमी’ ऐकलं, अभिमानाने घरी नेलं आणि तिथे त्याचं ‘नाही’ झालं. वर आणखी एक गोष्ट जोडली गेली, की हा रोग चालचलनाचा आहे, म्हणजे ज्या बाईला झाला तिच्याकडे बोट. खरं तर हा विषाणू इतका सर्रास आहे की लग्न झालेल्या कोणत्याही बाईला, एकाच नवऱ्यासोबत आयुष्य काढलेल्या बाईलाही, तो कधी ना कधी लागू शकतो. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींत तो ठाण मांडतो आणि दहा-पंधरा वर्षं मुकाट्याने काम करतो.

ही दहा-पंधरा वर्षं म्हणजेच या रोगाची सगळ्यात मोठी कमजोरी. एवढा वेळ देणारे कर्करोग फार नाहीत. त्या काळात कोणी डोकावून पाहिलं तर रोग होण्याआधीच थांबवता येतो. डोकावायचं कसं, यावर जगात शंभर वर्षं वाद चालला आहे, आणि त्या वादाचा एक मोठा निकाल आपल्या महाराष्ट्रात, बार्शीत लागला.

पहिली रीत काचपट्टीची. जॉर्ज पापानिकोलाऊ हा ग्रीसमधून न्यूयॉर्कला आलेला डॉक्टर. गिनीपिगच्या पेशींवर काम करता करता त्याने स्त्रियांच्या पेशी काचेवर घेऊन पाहायला सुरुवात केली. त्याची बायको अँड्रोमाकी, जिला सगळे मेरी म्हणत, तिने कित्येक वर्षं स्वतःचे नमुने दिले. परीक्षेला नाव मिळालं ते नवऱ्याचं, आणि तेही अर्धंच, ‘पॅप’. 1928 मध्ये त्याने हे प्रथम मांडलं तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. त्याच सुमारास रुमानियात बाबेश नावाच्या डॉक्टरनेही असंच काही केलं होतं. 1943 मध्ये ट्राउट या स्त्रीरोगतज्ज्ञासोबत पापानिकोलाऊचं पुस्तक आलं आणि मग श्रीमंत देशांनी ही तपासणी उचलली. तिथे या रोगाचे मृत्यू झपाट्याने कमी झाले.

पण पॅपला मागे एक पूर्ण कारखाना लागतो. नमुना घेणारी, काच रंगवणारा, सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ, त्याच्यावर पॅथॉलॉजिस्ट, आणि तीन आठवड्यांनी रिपोर्ट आल्यावर त्या बाईला परत शोधून आणणारं कोणीतरी. शिवाय एकदा पाहून भागत नाही, दर काही वर्षांनी परत पाहावं लागतं. फिनलंडला ते जमलं. आपल्या मानोरा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर ते कसं जमणार, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

दुसरी रीत सिरक्याची. हॅम्बुर्गच्या हिन्सेलमनने 1925 मध्ये कोल्पोस्कोप, म्हणजे गर्भाशयाचं तोंड मोठं करून दाखवणारी दुर्बीण, तयार केली. व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड लावलं की बिघडलेला भाग पांढरा पडतो, हे तिच्यातूनच लक्षात आलं. (हाच हिन्सेलमन नाझी राजवटीत रोमा स्त्रियांच्या सक्तीच्या नसबंदीत सामील होता आणि युद्धानंतर त्याला त्यासाठी शिक्षा झाली. ऑशवित्झमधल्या कैदी बायकांवर जे ‘संशोधन’ झालं त्याचाही या दुर्बिणीशी संबंध येतो. वैद्यकाचा इतिहास वाचताना असं काही ना काही हाताला लागतंच.) पुढे दुर्बीण बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहायची पद्धत निघाली. आपल्याकडे तिला व्हीआयए म्हणतात. चार-पाच टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड कापसाच्या बोळ्याने लावायचं, एक मिनिट थांबायचं, चांगल्या उजेडात पाहायचं. पांढरा डाग दिसला तर पुढची तपासणी. बिघडलेल्या पेशींमध्ये प्रथिनं दाटीने असतात, ती ॲसिडने गोठतात आणि उजेड परतवतात, म्हणून पांढरं दिसतं. आमच्या मोहल्ल्यात मी हे समजावलं तेव्हा एक भाभी म्हणाली, “म्हणजे सिरकाच की!” तोच तो. सुन्नत म्हणून दस्तरखानावर येणारा.

तिसरी रीत विषाणूची. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेनच्या प्रयोगशाळेने 1983 आणि 1984 मध्ये एचपीव्ही विषाणूचे 16 आणि 18 हे प्रकार या कर्करोगात सापडल्याचं दाखवलं. 2008 मध्ये त्याला नोबेल मिळालं. एकदा गुन्हेगार कळल्यावर पेशी बघण्याऐवजी थेट त्याचाच माग काढणारी तपासणी निघाली. नमुना नळीत घ्यायचा आणि यंत्रात घालायचा. माणसाच्या नजरेवर काही अवलंबून नाही. खर्चावर मात्र सगळं अवलंबून.

आता बार्शी. सोलापूर जिल्ह्यातलं हे बाजारपेठेचं गाव. तिथे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. नर्गिस, म्हणजे जद्दनबाईंची मुलगी फातिमा रशीद, 1981 मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेली. तिच्या नावाच्या या दवाखान्याभोवती 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी राहिली. टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीचे डॉ. नेने यांची नावं या कामात कायम येतात. खेड्यात मृत्यूचा दाखला मिळायची मारामार, तिथे कर्करोगाचा दाखला कोण ठेवणार? म्हणून नोंदणीची माणसं स्वतः गावोगाव फिरू लागली. गावकऱ्यांशी बोलत, लक्षणं सांगत, कोणाला त्रास असेल तर दवाखान्यात आणत. काही वर्षांनी दिसलं की या भागातल्या बायका आता आधीच्या टप्प्यातच दवाखान्यात येऊ लागल्या आहेत. कोणतंही यंत्र नाही, तपासणी नाही, नुसत्या बोलण्याने. मला या सगळ्या इतिहासातला हा तुकडा सर्वांत जवळचा वाटतो, कारण खालाला त्या रमजानमध्ये एवढंच हवं होतं.

ही पायाभरणी होती म्हणूनच 1999 मध्ये शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, मोठा प्रयोग करता आला. बार्शीचं हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था असे तिघं मिळून. प्रमुख होते डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन, पैसा गेट्स फाउंडेशनचा. जिल्ह्यातल्या गावांचे 52 गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. एका भागात सिरका, एकात पॅप, एकात एचपीव्ही आणि चौथ्यात काही नाही. 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार 746 स्त्रिया. तपासणी आयुष्यात एकदाच. नमुने घेणाऱ्या नर्सबाई तिथल्याच, प्रयोगशाळाही तिथलीच. ज्यांच्यात काही सापडलं त्यांच्यावर बार्शीत उपचार.

2005 मध्ये पहिले आकडे आले. बोलावलेल्या स्त्रियांपैकी 72 ते 74 टक्के आल्या होत्या. ‘खेड्यातल्या बायका येत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा. सिरक्याने 14 टक्के स्त्रियांत संशय दाखवला, एचपीव्हीने 10.3, पॅपने 7. पण कर्करोगाच्या उंबरठ्यावरचे गंभीर बदल तिन्हींत जवळजवळ सारखेच सापडले, शंभरात साधारण एक. प्रयोग तिथेच संपला असता तर निकाल सोपा होता. सगळ्या सारख्याच, मग स्वस्तातली घ्या.

त्यांनी वाट पाहिली. 2009 मध्ये आठ वर्षांचा हिशेब न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला आणि चित्र पालटलं. एचपीव्ही गटात 34 स्त्रिया या रोगाने मेल्या होत्या, तपासणी नसलेल्या गटात 64. पॅपच्या गटात 54, सिरक्याच्या गटात 56. चारही गट साधारण सारखेच मोठे, 31 ते 34 हजारांचे. पुढच्या टप्प्यावर पोहोचलेले कर्करोग बघितले तर एचपीव्ही गटात 39, तपासणी नसलेल्यांत 82, आणि सिरक्याच्या गटात 86. म्हणजे सिरक्याने एकदा पाहून मृत्यूंमध्ये जो थोडा फरक पडला तो योगायोगाचाही असू शकेल इतका लहान. त्याहून बोलका आकडा ‘तुम्हाला काही नाही’ असं सांगून घरी पाठवलेल्या बायकांचा. त्यांच्यात पुढे दर लाखामागे वर्षाला किती जणींना कर्करोग झाला? एचपीव्ही निगेटिव्ह असलेल्यांत 3.7, पॅपमध्ये 15.5, सिरक्यात 16. विषाणू नाही म्हटलं की बाई निश्चिंत होऊ शकते. डाग नाही म्हटलं की तितकी नाही.

मग सिरका बाद? इथे घाई करू नये. तामिळनाडूच्या दिंडिगुलमध्ये नर्सेसनी एकदाच सिरक्याने पाहिलं आणि मृत्यू 35 टक्क्यांनी घटले, असा निकाल 2007 मध्ये लान्सेटमध्ये आला होता. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि डॉ. इंद्रनील मित्रा यांनी 1998 पासून दीड लाख स्त्रियांवर प्रयोग केला. पाहणाऱ्या होत्या काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या साध्या आरोग्यसेविका, डॉक्टर नव्हे. दर दोन वर्षांनी, असं चार वेळा पाहिलं. बारा वर्षांनी मृत्यू 31 टक्क्यांनी कमी. 2013 मध्ये हे जाहीर झालं तेव्हा देशभर केलं तर वर्षाला 22 हजार जीव वाचतील असा अंदाज दिला गेला. माझं मत असं की सिरका ही वस्तू नाही, ती नजर आहे. नजर रोज वापरली, कोणी वरचेवर तपासली तर ती धारदार राहते. एकदा शिबिर भरवून फोटो काढले आणि सहा महिने हात लावला नाही तर तीच नजर आंधळी होते. यंत्राचं तसं नसतं.

आणि पन्नाशीनंतर ही नजर आणखी कमी पडते, कारण जिथे रोग सुरू होतो तो भाग वयानुसार आत सरकतो, दिसतच नाही. खाला पंचावन्नच्या पुढची होती.

या प्रयोगांवर एक डाग आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चौथ्या गटातल्या बायकांचं काय? पॅप तपासणीने जीव वाचतात हे जगाला कधीचं माहीत होतं. तरी तिन्ही ठिकाणी मिळून सुमारे 1 लाख 38 हजार स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजले गेले. अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी यावर तक्रार केली, इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये लिहिलं. या गटांतल्या किमान 254 स्त्रिया या रोगाने गेल्या असा हिशेब त्यांनी मांडला. मुंबईच्या प्रयोगात स्त्रियांना संमती घेताना पुरेशी माहिती दिली नव्हती, असा शेरा अमेरिकी सरकारच्या संशोधन-सुरक्षा कार्यालयानेही मारला. संशोधकांचं उत्तर असं की भारतात तेव्हा नेहमीची सेवा म्हणजे काहीच नव्हतं, आम्ही कोणाकडून काही काढून घेतलं नाही. मी दोन्ही बाजू वाचल्या. उत्तर खोटं नाही. पण ‘नेहमीची सेवा म्हणजे काही नाही’ हे वाक्य वाचताना मला मंगरूळपीर दिसतं. आम्ही कोणत्याही प्रयोगात नव्हतो, चिठ्ठी टाकायलाही कोणी आलं नव्हतं, आणि तरीही आमचा सगळा जिल्हा त्या चौथ्या गटातच होता.

2018 मध्ये केंद्राने देशातले मागास जिल्हे निवडून त्यांना ‘आकांक्षित’ असं गोड नाव दिलं. महाराष्ट्रातले चार होते. गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि आपलं वाशिम. ज्या जिल्ह्याने जगाला उत्तर दिलं तो आणि ज्याला प्रश्नसुद्धा विचारला गेला नाही तो, दोघं एकाच यादीत.

सरकारने 2016 मध्ये तपासणीची चौकट आखली. 30 ते 65 वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी सिरक्याने तपासणी. जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून एचपीव्ही तपासणीच आधी करा म्हणते. आपल्याकडे कागदावर सिरका आहे, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-5 सांगते की 30 ते 49 वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांत दोघींचीही तपासणी आयुष्यात कधी झालेली नाही. 1.9 टक्के. दरवर्षी सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांना हा रोग होतो, सुमारे 80 हजार मरतात.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. आशाताई फॉर्म भरायला आल्या, मी हो म्हटलं, ठरलेल्या दिवशी केंद्रावर गेले. सिस्टर चांगल्या होत्या, पडदा नीट लावला. पण दिवा चालत नव्हता. मोबाइलच्या टॉर्चने पाहू का म्हणाल्या. मी परत आले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ॲसिड संपलं होतं. तिसऱ्यांदा झालं, पाच मिनिटांत, दुखलं नाही. ‘निगेटिव्ह’ असं वहीत लिहिलं गेलं. मला 16 आणि 3.7 हे आकडे माहीत आहेत, त्यामुळे मी ती वही बघून फार आनंदले नाही. पण आमच्या गल्लीतल्या बायकांना मी ते आकडे सांगितले नाहीत. त्यांना सांगितलं की तपासणारी बाईच असते, पाच मिनिटं लागतात, जा.

एचपीव्हीचा एक गुण आपल्या घरांसाठी फार मोलाचा आहे, त्याची चर्चा कमी होते. त्याचा नमुना बाई स्वतःच, न्हाणीघरात, दार लावून घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेला ते मान्य आहे. पडद्याचा प्रश्नच उरत नाही. नळी तेवढी आशाताईच्या हाती द्यायची. वाशिमपर्यंत ती नळी परवडेल अशा किमतीत यावी, एवढंच अडलंय.

मागच्या महिन्यात बायकांच्या इज्तेमात मला दहा मिनिटं मिळाली. आलिमासाहिबांनी हैज आणि इस्तिहाजाचे मसले सांगून झाल्यावर स्वतःहून मला बोलावलं. मी खालाचं सांगितलं. संपल्यावर साठीच्या पुढची एक आपा जवळ आली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “मेरा शाबान से चालू है. नमाज तो पढ रही हूँ.” सोमवारी मी तिला घेऊन अकोल्याला जाते आहे. गाडी सकाळी सातची आहे.